शेकापचा मतदार कुठे गेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, विषय निघाला की तेच ते प्रश्न पुढे येतात. रायगडातली जुनी माणसं कळकळीने विचारतात, पनवेल-खारघरला नव्याने राहायला आलेले कुतूहलाने विचारतात आणि सांगोल्याकडचे जरा अभिमानाने. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. माझी मतंही त्यात आहेत, ती लपवलेली नाहीत.

शेकाप म्हणजे नक्की कोणता पक्ष? अजून आहे का?

आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत त्याचा एक आमदार निवडून आला, सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे डॉ. बाबासाहेब देशमुख.

पक्षाचा जन्म १९४७ चा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, क्रांतिसिंह नाना पाटील अशी काँग्रेसमधलीच मंडळी एकत्र आली आणि पुढच्या वर्षी त्यांनी काँग्रेसशी पूर्ण फारकत घेतली. स्वातंत्र्य मिळालं, पण राज्य शेतकरी-कष्टकऱ्यांच्या हाती आलं नाही, ही त्यांची तक्रार होती. यातल्या अनेकांची घडण सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीत झालेली. म्हणून हा पक्ष डावा असला तरी कम्युनिस्टांसारखा बाहेरच्या पोथीतून आलेला वाटला नाही. झेंडा लाल, पण कार्यकर्ते एकमेकांना 'कॉम्रेड' न म्हणता 'भाई' म्हणायचे. आजही म्हणतात.

मार्क्सवाद वगैरे शेतकऱ्याला कळत होता का?

१९५० मध्ये मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला पक्षाने आपली मार्क्सवादी-लेनिनवादी भूमिका मांडली. 'दाभाडी प्रबंध' म्हणून तो ओळखला जातो. त्यावर नेत्यांमध्ये बरंच रणकंदन झालं. १९५१ मध्ये नाना पाटील आणि दत्ता देशमुख बाहेर पडले, १९५४ मध्ये खुद्द जेधे काँग्रेसमध्ये परतले. गावातल्या कुळाने, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याने, मात्र दाभाडी प्रबंध वाचून मत दिलं नव्हतं. कसतो ती जमीन नावावर व्हावी, धान्याला भाव मिळावा, पाणी यावं आणि कचेरीत आपल्या बाजूने कुणीतरी बोलावं, एवढं त्याला हवं होतं. ते बोलणारा माणूस लाल बावट्याचा होता, म्हणून मत लाल बावट्याला. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

मग निष्ठा इतकी पक्की कशी? रायगडात घरंच्या घरं पिढ्यानपिढ्या शेकापची होती.

त्यासाठी पक्षाच्याही आधी, १९३३ पर्यंत मागे जावं लागतं. अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळ चरी नावाचं गाव आहे. खोती पद्धतीत, म्हणजे खोत नावाच्या वतनदाराच्या ताब्यातल्या जमिनीवर, कुळाने राबायचं आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी नेऊन टाकायचा. वर वेठबिगार आणि नाना तऱ्हेचे अबवाब, म्हणजे जादा वसुल्या, वेगळ्याच. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा झाली आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं.

हा संप १९३९ पर्यंत चालला. भातशेतीवर जगणाऱ्या माणसांनी पाऊस पडत असताना लावणी न करता शेत पडीक ठेवायचं, म्हणजे काय, याची कल्पना करा. डोंगरातून लाकूडफाटा तोडून आणायचा, तो विकायचा आणि त्यावर घर चालवायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं. शेवटी सरकारला कुळाचा हक्क मान्य करावा लागला. राज्यातल्या कूळकायद्याच्या मागे चरीचा हा रेटा आहे.

नारायण नागूंनी १९३७ मध्ये 'कृषीवल' सुरू केला. पुढे हेच घर, हेच वर्तमानपत्र आणि हीच गावं शेकापचा पाया झाली. ज्या घरातल्या आजीने संपाच्या दिवसांत मोळ्या वाहिल्या, त्या घराला मत कुणाला द्यायचं ते सांगावं लागत नव्हतं. निशाणी खटाऱ्याची, तेवढं दाखवलं की झालं.

घसरण नेमकी कधी सुरू झाली?

विधानसभेतले आकडे बघा. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, शेकापचे ३१ आमदार होते. १९६२ मध्ये १५ आणि १९६७ मध्ये १९. त्या काळात विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे होतं. १९७२ मध्ये ७ वर आले, १९७८ मध्ये पुन्हा १३. १९७७ च्या लोकसभेत तर पाच खासदार होते: कुलाब्यातून (आताचा रायगड) दि. बा. पाटील, नांदेडहून केशवराव धोंडगे, लातूरहून उद्धवराव पाटील, परभणीहून शेषराव देशमुख आणि कोल्हापूरहून दाजीबा देसाई. त्यानंतर १९९० मध्ये ८ आमदार, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४, २०१४ मध्ये ३ आणि २०१९ व २०२४ मध्ये प्रत्येकी एक.

म्हणजे एका रात्रीत काही कोसळलं नाही. आणि २०१४ च्या मोदी लाटेने शेकाप संपवला हे जे सर्रास बोललं जातं, ते मला पटत नाही. लाट येईपर्यंत पक्ष दोन-तीन तालुक्यांपुरता उरला होता.

यशवंतराव चव्हाणांनी पक्ष फोडला, हे खरं का?

अर्धं खरं. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणाने बहुजन समाजातली कर्ती माणसं काँग्रेसमध्ये ओढली, हे निर्विवाद. शंकरराव मोरेही गेले. पण त्याहून खोल परिणाम दोन गोष्टींचा झाला. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळं टप्प्याटप्प्याने जमिनीची मालक होऊ लागली, म्हणजे पक्षाची सगळ्यात मोठी मागणी बऱ्याच अंशी पूर्ण झाली. आणि पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना, जिल्हा बँक, सोसायटी असं सहकाराचं जाळं उभं राहिलं, त्याच्या चाव्या काँग्रेसकडे होत्या. ऊस कारखान्याला घालायचा, कर्ज सोसायटीचं घ्यायचं आणि मत मात्र विरोधकाला द्यायचं, हे किती शेतकऱ्यांना परवडणार होतं? कोल्हापूर-साताऱ्याकडे पक्ष असा आतून रिकामा झाला. रायगडात आणि सांगोल्यात ऊस-साखरेचं तसं साम्राज्य नव्हतं, तिथे तो टिकला.

पनवेल-उरणमध्ये तर लोकांनी गोळ्या झेलल्या. तिथला मतदार कसा सुटला?

मला स्वतःला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच आहे.

१९७० मध्ये सिडको हे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ आलं आणि नवी मुंबईसाठी ठाणे-बेलापूर, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटलांनी त्याविरुद्ध लढा उभारला आणि जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. पुढे देशभरात प्रकल्पग्रस्तांच्या मागण्यांमध्ये हे उदाहरण दिलं जाऊ लागलं.

साडेबारा टक्के हे शेकापचं सगळ्यात मोठं यश. त्याच यशाने त्याचा मतदार बदलला. भूखंड मिळाला तो शेती करायला नव्हता. त्यावर इमारत उभी राहिली, बिल्डरशी करार झाला, शेतकरी दोन-चार फ्लॅटचा मालक झाला. मुलगा बंदरात वाहतुकीच्या धंद्यात, नाहीतर भराव आणि मजूर पुरवठ्याच्या ठेक्यात शिरला. त्याची रोजची गरज बदलली. परवानगी, बिलं, ठेक्याचं नूतनीकरण. यासाठी सत्तेत असलेला माणूस लागतो. विरोधी बाकावरून जोरदार भाषण करणाऱ्याला तो मान देईल, पण काम घेऊन दुसरीकडेच जाईल. शेकापकडे या नव्या माणसासाठी नवा कार्यक्रम नव्हता. मोबदल्याच्या लढ्यात पारंगत असलेल्या पक्षाला बंदरातल्या कंत्राटी कामगाराची संघटना किंवा भाडेकरूचा प्रश्न तितक्या ताकदीने हाती घेता आला नाही. आणि पक्षाच्या नावात 'कामगार' आहे.

नेतेही निघून गेले. दि. बा. स्वतः १९९९ मध्ये शिवसेनेत गेले. १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार झालेले रामशेठ ठाकूर आधी काँग्रेसमध्ये आणि मग भाजपमध्ये गेले. त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर आज पनवेलचे भाजपचे आमदार. ऑगस्ट २०१४ मध्ये जेएनपीटीच्या, म्हणजे उरणजवळच्या बंदराच्या, प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं वाटली गेली ती पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते. तीस वर्षं ज्याने वाट पाहिली त्याला शेवटी कागद कुणाच्या हातून मिळाला, हे त्याने ध्यानात ठेवलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

शिवाय मतदारच नवा आला. खारघर, कामोठे, कळंबोलीत राज्यभरातून आणि देशभरातून माणसं राहायला आली. त्यांना जासई ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. त्यांचा प्रश्न पाण्याचा दाब, रेल्वे आणि मालमत्ता कर. पनवेल महापालिकेच्या २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपला आणि २३ शेकापला, त्यामागे ही लोकसंख्याही आहे.

कर्नाळा बँकेचा किती परिणाम झाला?

फार. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत ५०० कोटींहून अधिक रकमेच्या गैरव्यवहाराचा आरोप झाला, बँकेचे अध्यक्ष आणि शेकापचे माजी आमदार विवेक पाटील यांना जून २०२१ मध्ये ईडीने अटक केली आणि त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना रद्द केला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की अनेकांनी पैसे तिथे ठेवले होते ते बँक आपल्या माणसांची म्हणून. जमिनीच्या मोबदल्याचा पैसा, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेला पैसा. राजकीय मतभेद विसरता येतो. ठेव अडकलेली बाई ती ठेव विसरत नाही.

अलिबाग तर बालेकिल्ला होता. तिथे काय बिनसलं?

दोन गोष्टी. पहिली, पक्ष आणि घर यातलं अंतर संपलं. नारायण नागूंच्या पाटील कुटुंबाने अलिबागसाठी केलेलं काम मी कमी लेखत नाही. शाळा, कृषीवल, जिल्हा परिषदेतली कामं, सगळं डोळ्यांसमोर आहे. पण उमेदवारी घरात, सरचिटणीसपद घरात, असं झालं की बाहेरचा होतकरू कार्यकर्ता किती वर्षं सतरंज्या उचलणार? तो शिवसेनेत गेला, भाजपमध्ये गेला. आणि शेवटी घरही फुटलं: माजी आमदार पंडित पाटील २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले.

दुसरी गोष्ट युत्यांची. १९९९ मध्ये शेकाप काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात होता, २००२ मध्ये पाठिंबा काढून बाहेर. २००९ च्या लोकसभेला रायगडात शिवसेनेच्या अनंत गीतेंसोबत. २०१४ मध्ये स्वतःचा उमेदवार. २०१७ मध्ये जिल्हा परिषदेत राष्ट्रवादीशी युती, शेकापचे सदस्य जास्त असूनही अध्यक्षपद आदिती तटकरेंना. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंचा प्रचार, २०२४ मध्ये तटकरेंच्या विरोधात पुन्हा गीतेंचा. प्रत्येक वेळी काहीतरी हिशोब असेल. पण गावातल्या कार्यकर्त्याला दर पाच वर्षांनी कालच्या वैऱ्याच्या दारात चिठ्ठ्या वाटायला जावं लागलं. भावकीत ज्याच्याशी बोलणं बंद झालं ते शेकापपायी, आणि आता त्याच्याच गाडीत बसून प्रचार करायचा. एकदा दुसऱ्या निशाणीचं बटण दाबलं, तेही पक्षाच्या आदेशाने, की पुढच्या वेळी ते आदेशाविनाही दाबता येतं. माझ्या मते निष्ठा मोडायची सवय मतदाराला खुद्द पक्षानेच लावली.

२०१९ मध्ये अलिबाग शिवसेनेच्या महेंद्र दळवींकडे गेलं. २०२४ मध्ये याच घरातल्या चित्रलेखा पाटील लढल्या, तरी ते परत आलं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पक्षाचे सरचिटणीस जयंत पाटील विधान परिषदेच्या निवडणुकीत हरले.

पेणच्या सेझविरोधी लढ्याचं काय? तो तर जिंकला होता.

जिंकला, आणि शानदार जिंकला. महामुंबई सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध) शेकापच्या एन. डी. पाटलांसारखी माणसं रस्त्यावर उतरली, २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला, प्रकल्प बारगळला. पुढच्याच वर्षी पेणमधून शेकापचे धैर्यशील पाटील आमदार झाले, २०१४ मध्येही झाले. २०१९ मध्ये हरले, २०२३ मध्ये भाजपमध्ये गेले आणि आज ते भाजपचे राज्यसभा खासदार आहेत. लढा जिंकल्यावर गावात काय उभं करायचं, याचं उत्तर पक्षाने तयार ठेवलं नव्हतं.

मग सांगोला का टिकलं?

गणपतराव ऊर्फ आबासाहेब देशमुखांमुळे, हे कुणीही सांगेल. पण 'साधा माणूस होता' एवढ्यावर थांबणं आबासाहेबांवर अन्याय आहे. एसटीने प्रवास करणारे पुष्कळ झाले, त्यातले अकरा वेळा एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून निवडून आलेले किती?

त्यांनी लढा आणि संस्था यांची सांगड घातली. सांगोला दुष्काळी तालुका. पाण्यासाठी ते नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये होते, टेंभू आणि म्हैसाळ सिंचन योजनांचं पाणी तालुक्याला मिळावं म्हणून विधानसभेत वर्षानुवर्षं बोलत राहिले. दुसरीकडे सूतगिरणी उभी केली, महिलांची सूतगिरणी उभी केली आणि त्या नीट चालवून दाखवल्या. म्हणजे पाण्याचं आंदोलन, सुतातला रोजगार आणि आमदाराकडचं काम, तिन्हींसाठी माणूस एकच. मतदाराला दुसरीकडे जायची गरजच भासली नाही. जातीचं गणितही इथे पाहायला हवं. ते धनगर समाजातले, पण एका समाजाच्या मतांवर सांगोला जिंकता येत नाही. मराठा आणि दलित वस्त्यांतूनही त्यांना मत पडत राहिलं.

तरीही सांगोल्याने त्यांना दोनदा पाडलं. १९७२ मध्ये, आणि १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी. १९९५ ला पाडणारे शहाजीबापू पाटील होते. निष्ठा आंधळी नव्हती. २०१९ मध्ये वयामुळे आबासाहेब थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. ३० जुलै २०२१ रोजी आबासाहेब गेले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब यांनी शहाजीबापूंना हरवून जागा परत आणली, तेही महाविकास आघाडीतल्या ठाकरे गटाचा उमेदवार समोर असताना. त्यात घराण्याचा वाटा आहे. पण गेलेला मतदार परत येतो, याचा पुरावाही त्यात आहे.

मराठवाड्यात काही उरलं आहे का?

फारसं नाही. केशवराव धोंडगे आणि उद्धवराव पाटलांचा काळ सरला. २०१९ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यातून श्यामसुंदर शिंदे शेकापच्या तिकिटावर निवडून आले, पण तो विजय मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या ताकदीचा होता.

मुंबईच्या गिरणगावात कम्युनिस्टांचं झालं तेच शेकापचं झालं का?

नाही. गिरणगावात लाल बावट्याची जागा शिवसेनेने समोरासमोर हिसकावली. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि परळच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या, कामगार विखुरला. शेकापचा मतदार आपल्याच गावात, आपल्याच घरात आहे. त्याच्या भोवतालची जमीन तेवढी बदलली.

थोडक्यात, मतदाराने गद्दारी केली?

हा शब्द वापरू नये अशी माझी विनंती आहे. मला माहीत असलेल्या अनेक घरांत आजही असं चित्र आहे: ग्रामपंचायतीला मत शेकापच्या पॅनलला, विधानसभेला जो काम करेल त्याला आणि लोकसभेला मोदींना. माजघरात दि. बां.चा फोटो तसाच आहे, त्याला हार घातला जातो. या माणसांनी आठवण टाकलेली नाही. सहा वर्षं शेत पडीक ठेवणारे आणि गोळ्या खाणारे लोक हे. त्यांच्याकडून आणखी किती निष्ठा मागायची? त्यांच्या नातवंडांना पक्षाने काय दिलं, हे आधी सांगावं लागेल.

एकच आमदार उरलेला पक्ष परत उभा राहू शकतो का?

सगळीकडे नाही. कोल्हापूर, नांदेड परत मिळतील असं मला वाटत नाही. पण पनवेल-उरण पट्ट्यात प्रश्न संपलेले नाहीत. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून जी मानवी साखळी झाली, त्यात सगळ्या पक्षांचे भूमिपुत्र होते. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. आता तिथे नोकऱ्या कुणाला, कायम की कंत्राटी, हा प्रश्न दारात आहे.

आणि दुसरा, गरजेपोटी बांधलेल्या घरांचा. सिडकोने जमिनी घेतल्या, कुटुंबं वाढली, गावठाणं वेळेवर वाढवली नाहीत. लोकांनी आपल्याच जुन्या जमिनीवर घरं बांधली आणि ती अनधिकृत ठरली. शासन निर्णय निघतात, बदलतात, पुन्हा निघतात. पण घराचा कागद अजून हातात पडलेला नाही असे हजारो लोक आहेत, आणि त्यातले कितीतरी जासईच्या मोर्चात चाललेल्यांची मुलं-नातवंडं आहेत. प्रत्येक गावात बसून घराघरांची मोजणी, जुने सातबारे आणि अर्ज एकत्र करून सिडकोच्या दारात ठाण मांडायचं, हे काम शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांना येतं. त्यासाठी कुणाशी युती लागत नाही.